विषय हार्ड, डिस्क ओली!

जुलै उजाडला की कोल्हापूर फुटांत बोलायला लागतं. बाकीच्या शहरांतली पोरं सकाळी उठून सेन्सेक्स बघतात, आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघतो. ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका... हे आकडे आपल्याला पाढ्यांसारखे पाठ! ऑफिसच्या जिन्यात कुणी नुसतं "किती झालं?" असं विचारलं, तरी काय किती झालं हे कुणाला सांगावं लागत नाही.

पण मंडळी, आजचा विषय पंचगंगेचा नाही. (म्हणजे थोडासा आहे, पण तो पुढे येईल.) आजचा विषय आहे टेबलाखालच्या कॅबिनेटमध्ये येणारा पूर. त्याला ना इशारा पातळी, ना धोका पातळी. तिथला हिशेब फुटांत नाही, थेंबांत होतो. कधी चहाचा कप, कधी पाण्याची बाटली, कधी खिडकीतून आलेली पावसाची झड... आणि हल्ली या यादीत एक नवा पाहुणा आलाय. त्याचं नाव कूलंट!

कूलंट म्हणजे काय रे भाऊ?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत कुणालाही विचारा. कूलंट म्हणजे व्हीएमसी मशीनवर धो धो पडणारं दुधासारखं पांढरं पाणी. जॉब कापताना टूल तापू नये म्हणून ते सोडतात. गाडीवाल्याला विचारलं तर तो रेडिएटरमधलं हिरवं नाहीतर गुलाबी पाणी दाखवेल. काम सगळीकडे एकच. इथली उष्णता उचलायची आणि तिकडे नेऊन टाकायची.

कॉम्प्युटरमध्येही हेच चालतं. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड जोरात पळायला लागले की तापतात. साधा पंखा हवा मारतो, पण हवेची पोच तेवढीच. तेवढ्याच जागेतलं पाणी हवेच्या साधारण साडेतीन हजार पट उष्णता धरतं. म्हणून गेमिंगवाले, व्हिडिओ एडिटिंगवाले, थ्रीडीवाले लोक कॅबिनेटमध्ये पंप, नळ्या आणि छोटा रेडिएटर बसवतात. नळ्यांतून निळं-लाल पाणी फिरतं, वर लायटिंग... दिसायला एकदम गणपतीच्या डेकोरेशनसारखं!

हा फंडा काल-परवाचा नाही बरं का. १९८५ साली आलेल्या क्रे-२ या सुपरकॉम्प्युटरचे सर्किट बोर्ड चक्क द्रवात बुडवून ठेवलेले असायचे, तेही चालू अवस्थेत! ते द्रव होतं फ्लोरिनर्ट. त्यातून वीज वाहत नाही, म्हणून ही चैन परवडायची. घरगुती मशिनात हे द्रव नसतं. २००४ साली अ‍ॅपलनं आपल्या सगळ्यात वेगवान पॉवर मॅक जी-५ मॉडेलला लिक्विड कूलिंग दिलं, तेव्हा लोकांनी तोंडात बोटं घातली. पुढे काही वर्षांनी त्याच मशिनी गळतीसाठी प्रसिद्ध झाल्या. आत फिरणारं पाणी कधीतरी बाहेरची वाट शोधतं. ते त्याच्या स्वभावातच आहे.

आता तुम्ही म्हणाल, "अरे पण बाटलीवर तर 'नॉन-कंडक्टिव्ह' लिहिलेलं असतं!" असतं ना. बाटलीत असेपर्यंत ते खरंही असतं. कूलंट म्हणजे बहुतेक वेळा डिस्टिल्ड वॉटर, त्यात ग्लायकॉल, गंज धरू नये म्हणून काही रसायनं, शेवाळ धरू नये म्हणून औषध आणि शायनिंगसाठी रंग. अगदी शुद्ध पाण्यातून वीज फारशी वाहत नाही, हे बरोबर. पण तेच पाणी महिनोन्‌महिने तांब्यातून, निकेलमधून फिरलं की धातूचे आयन उचलतं. वर बोर्डावर पडताना तिथली धूळ विरघळवतं. मग कसलं नॉन-कंडक्टिव्ह! बाटलीवरचं लेबल आणि नळीतलं पाणी यांची फारकत केव्हाच झालेली असते.

रात्री अकराचा फोन

माझा एक दोस्त राजारामपुरीत राहतो आणि शिरोलीतल्या फाउंड्रींसाठी पॅटर्न आणि डाय डिझाइन करतो. वितळलेलं लोखंड साच्यात कसं भरेल, कुठे पोकळी राहील, हे तो आधीच कॉम्प्युटरवर बघून देतो. एकेक सिम्युलेशन रात्र-रात्र चालतं. त्यासाठी त्यानं हप्त्यावर दणदणीत मशीन बांधलं, वॉटर कूलिंगसकट. नोकरी सोडून स्वतःचं काम सुरू केलेलं. म्हणजे घर त्या एका कॅबिनेटवर चाललेलं.

गेल्या पावसाळ्यात एके रात्री अकराला त्याचा फोन. आवाज चिरकलेला.

"भावा, एक फिटिंग सैल झालंय. ग्राफिक्स कार्डवर सगळं निळं पाणी. स्क्रीन काळी झाली. पुसलंय मी वरवर. परत चालू करून बघू का?"

"हात लावू नको! भिंतीवरचं बटण बंद कर, पिन उपसून काढ. यूपीएसमधून पण काढ."

"अरे शटडाऊन झालंय की!"

"शटडाऊन म्हणजे बंद नव्हे मर्दा!"

हे वाक्य मंडळी, वहीत लिहून ठेवा. डेस्कटॉप शटडाऊन केला, तरी भिंतीवरचं बटण चालू असेल तर एसएमपीएस मदरबोर्डला ५ व्होल्ट पुरवतच राहतो. म्हणून तर पॉवरचं बटण दाबल्या दाबल्या मशिनाला जाग येते. बोर्डावर तो नाण्याएवढा सेल असतो ना, सीआर-२०३२, तोही ३ व्होल्टचा. लॅपटॉपमध्ये तर अख्खी बॅटरी पोटात. आपल्याला वाटतं मशीन झोपलंय. ते एक डोळा उघडा ठेवून असतं.

आणि खरी गोम इथेच आहे. पाण्यानं पार्ट मरत नाही. पाणी आणि वीज एकत्र आले की मरतो. दोन बारीक टाक्यांमध्ये ओलावा बसला आणि त्यावर व्होल्टेज असलं, तर एका बाजूचे धातूचे कण विरघळतात, दुसऱ्या बाजूला जाऊन साठतात आणि हळूहळू झाडाच्या फांदीसारखी धातूची नाजूक रेघ तयार होते. रेघ पलीकडे टेकली की शॉर्ट! याला काही दिवस लागत नाहीत. व्होल्टेज आणि ओलावा दोन्ही जोरात असतील तर काही मिनिटांतही खेळ आटोपतो. वीज तोडली की हा खेळ थांबतो. मग उरते ती फक्त साफसफाई. साफसफाईला वेळ लागतो, पण ती जमते.

आईचे तांदूळ, वडिलांचं ऊन

मी पोचलो तेव्हा घरातलं वातावरण दवाखान्यातल्यासारखं. काकू तांदळाचा डबा घेऊन उभ्या. "मोबाईल तांदळात ठेवतात ना रे? हे पण ठेवूया की." काका म्हणाले, "सकाळी गच्चीवर उन्हात टाका. बघा खणखणीत वाळतंय."

दोघांचाही जीव पोरासाठी तुटत होता, त्यामुळे हसण्याची सोय नव्हती. पण तांदळाचं सांगतो. तांदूळ चिपखालचं पाणी ओढून घेत नाही. उलट त्याची पिठी सॉकेटमध्ये शिरते. त्यात कूलंटमधलं ग्लायकॉल पाण्यासारखं उडून जात नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल उकळायला १८८ अंश सेल्सिअस लागतात. म्हणजे पाणी उडालं तरी हा चिकट थर चिपखाली तसाच बसून राहतो आणि पावसाळी हवेतला दमटपणा ओढत राहतो. कूलंट वाळवायचं नसतं, ते आधी धुवायचं असतं. तेव्हा आजऱ्याचा घनसाळ भातासाठीच ठेवा!

उन्हाचं म्हणाल, तर पावसाळ्यात कोल्हापुरात ऊन शोधायचं कुठे? आणि मिळालंच तरी गच्चीवर धूळ, कावळे आणि शेजारची पोरं. हेअर ड्रायर तर नकोच. तो पाणी उडवण्याऐवजी आणखी आत ढकलतो, वर प्लॅस्टिकला गरम झळ लागते ती वेगळी.

दोस्ताचा प्रॉब्लेम मात्र वेगळाच होता. सकाळी दहाला पार्टीला डिझाइन दाखवायचं होतं. फाइल्सची कॉपी बाहेरच्या डिस्कवर होती, पण फायनल रन बाकी. त्याची बोटं पॉवरच्या बटणाभोवती घोटाळत होती. "एकदाच. पाच मिनिटं. चाललं तर चाललं..."

अशा वेळी मशिनापेक्षा माणसाला आधी थंड करावं लागतं. मी त्याला कॅबिनेटसमोरून उठवलं, चहा पाजला आणि सकाळी नऊला फोन लावायला सांगितलं. खरं बोल, दोन दिवस माग, बास. त्यानं तेच केलं. फाउंड्रीचे मालक जुने माणूस. ते पलीकडून म्हणाले, "असं होय! आमच्या मशिनीच्या पॅनलमध्ये पण गेलतं कूलंट मागं. चालू करू नका. निवांत वाळवा, परवा दाखवा." दोस्ताचा चेहरा असा उजळला की बस्स! दहा तास ज्याची भीती होती, ते काम दीड मिनिटाच्या फोनमध्ये झालं.

ऑपरेशन टेबल

आता प्रत्यक्ष कृती. कागद-पेन घ्या, नाहीतर हे पान फाडून ठेवा.

पहिलं काम फोटो. कुठली वायर कुठे होती, पाणी कुठवर गेलं, सगळ्याचे फोटो काढा. नंतर जोडताना उपयोगी पडतात आणि विमा असेल तर तिथेही.

मग सुटं करा. ग्राफिक्स कार्ड, रॅम, एसएसडी, तो नाण्याएवढा सेल, सगळं बाहेर. हात लावण्याआधी धातूच्या कॅबिनेटला स्पर्श करा म्हणजे अंगातली स्टॅटिक वीज उतरते. ग्राफिक्स कार्डावरचा कूलर उघडावाच लागतो, कारण पाणी नेमकं त्याच्याखाली लपून बसतं. वरून कोरडं ठक्क दिसणारं कार्ड आतून भिजलेलं असू शकतं.

तिसरं, टिपून घ्या. पुसू नका, टिपा. लेन्स पुसायच्या मऊ कापडानं किंवा टिश्यूनं. घासलं की पाणी आणखी पसरतं.

चौथं, धुवा. होय, धुवा! ऐकून अंगावर काटा येतो, पण वीज नसलेल्या बोर्डाला स्वच्छ पाण्याची भीती नाही. फक्त ते नळाचं किंवा बोअरचं नको, त्यात क्षार असतात. बॅटरीत घालायचं डिस्टिल्ड वॉटर गॅरेजवाल्याकडे सहज मिळतं. जिथे कूलंट पडलंय तिथे ते सोडा आणि लहान मुलांच्या मऊ टूथब्रशनं हलक्या हातानं साफ करा. पंखे, पंप आणि एसएमपीएस मात्र या आंघोळीत घालायचे नाहीत.

पाचवं, आयपीए. म्हणजे आयसोप्रॉपिल अल्कोहोल, ९९ टक्क्यांचं. इलेक्ट्रॉनिक्सच्या किंवा केमिकलच्या दुकानात मिळतं. ते पाण्यात मिसळतं, पाण्याला सोबत घेतं आणि भराभर उडून जातं. बोर्डावर, स्लॉटमध्ये, चिपच्या कडेनं ब्रशनं लावा. कोविडच्या काळातला उरलेला सॅनिटायझर चालणार नाही, त्यात ग्लिसरीन आणि सेंट असतो. पेट्रोल, थिनर तर लांबच ठेवा, प्लॅस्टिक खातात. जुने मेकॅनिक 'सीटीसी'ची आठवण काढतात. ते कार्बन टेट्राक्लोराइड. ओझोनच्या थराला आणि माणसाच्या लिव्हरला, दोघांनाही वाईट. जागतिक करारामुळे २०१० पासून अशा वापरातून त्याला निरोप मिळाला, ते बरंच झालं.

एक गोष्ट ठळक अक्षरांत वाचा. आयपीए झटकन पेट घेतं! खिडक्या उघड्या ठेवा. गॅस, उदबत्ती, सिगारेट आसपास नको. काकूंनी शुभ व्हावं म्हणून देवापुढची निरांजनं शेजारच्या टेबलावर आणून ठेवली होती. ती मी आधी नमस्कार करून परत देवघरात पोचवली.

आणखी एक. काही कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं. ते चवीला गोड आणि पोटात गेलं तर विषारी. घरात लहान मूल, कुत्रं, मांजर असेल तर फरशीवरचा थेंबन्‌थेंब लगेच पुसा. पार्ट नंतरही वाचवता येतात.

शेवटचं काम, थांबायचं. साध्या टेबल फॅनसमोर पार्ट उभे करून किमान ४८ तास. पावसाळ्यात हवाच ओली, त्यामुळे त्यानंतर हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आणखी एक दिवस. बुटांच्या खोक्यातल्या त्या 'खाऊ नये' लिहिलेल्या पुड्या आपण आयुष्यभर फेकत आलोय. आता साठवा.

मग पुन्हा जोडतानाही एकदम सगळं नाही. मदरबोर्ड, प्रोसेसर, एक रॅम. बास. प्रोसेसरला नवी थर्मल पेस्ट. एसएमपीएस दुसरा, उसना आणलेला. वास, आवाज, धूर यांवर लक्ष, हात बटणावर. हे चाललं की दुसरी रॅम, मग एसएसडी, आणि शेवटी ग्राफिक्स कार्ड.

दोस्ताचं काय झालं? तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मशीन उठलं. ग्राफिक्स कार्ड वाचलं. मदरबोर्डावरचं एक लॅन पोर्ट मात्र गेलं ते गेलंच, तिथे आधीच हिरवट गंज धरला होता. दोनशे-तीनशे रुपयांच्या अ‍ॅडॉप्टरवर काम भागलं. वॉरंटीचं विचाराल तर पाण्यानं झालेलं नुकसान साधारणपणे कंपन्या धरत नाहीत. त्यामुळे कार्ड वाचलं म्हणजे दीड वर्षाचे हप्ते वाचले, असाच हिशेब. काकूंनी त्या दिवशी तांबडा-पांढरा केला होता. आजऱ्याच्या घनसाळसोबत!

आता पंचगंगेकडे वळू

वर म्हणालो होतो ना, तो थोडासा पंचगंगेचा विषय. ही विद्या मी कुठल्या क्लासमध्ये शिकलो नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये शिकलो.

त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग पाण्याखाली जाऊन दिवसेंदिवस बंद पडला. शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, दसरा चौक, नागाळा पार्क... जिथे आपण रोज गाडी पार्क करायचो तिथे बोटी फिरत होत्या. गंमत म्हणावी की दैव, सगळीकडे पाणीच पाणी आणि नळाला थेंब नाही, कारण पाणी उपसा करणारी केंद्रंच बुडालेली. २००५ चा पूर बघितलेले लोक म्हणत होते, "त्या वेळी इथपर्यंत आलं नव्हतं." आणि २०२१ च्या जुलैत पुन्हा तीच पाळी आली.

माझ्या मामांचं शाहूपुरीत डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका, वास्तुशांतीच्या पत्रिका, तालमींच्या अहवालाची पुस्तकं. तीन कॉम्प्युटर. सामान माळ्यावर टाकलं होतं, पण पाणी माळ्यालाही पोचलं. ओसरल्यावर शटर वर केलं तेव्हा मामा काही बोलले नाहीत. खाली बसले आणि एका कॅबिनेटवरचा गाळ हातानं काढायला लागले. अकरा वर्षांचं काम त्यात होतं. कोल्हापुरातल्या कितीतरी घरांची लग्नं त्या डिस्कवर झाली होती.

पुराचं पाणी म्हणजे कूलंट नव्हे. त्यात गाळ, डिझेल, गटार, सगळंच. हातमोजे आणि गमबूट हवेतच, कारण लेप्टोस्पायरोसिससारखे आजार याच पाण्यातून येतात. गाळ वाळायच्या आत धुवावा लागतो, वाळला की सिमेंट. आम्ही टँकरच्या पाण्यानं बोर्ड धुतले, मग डिस्टिल्ड वॉटरनं, मग आयपीएनं. रॅम बहुतेक चालल्या, एक मदरबोर्ड उठला, दोन गेले. एसएमपीएस तिन्ही टाकून दिले. याबद्दल अजिबात वाद नको. आपल्याकडे घरात येणारी वीज २३० व्होल्टची असली, तरी एसएमपीएसच्या आतल्या कपॅसिटरवर सव्वातीनशे ते चारशे व्होल्ट साठलेले असतात. पिन काढल्यावरही काही काळ ते तिथेच असतात. तो डबा घरी उघडायचा नाही. भिजला की सरळ बदलायचा.

राहिल्या डिस्क. शेजारच्या एकानं आपली डिस्क पंख्याखाली वाळवली, दुसऱ्या मशिनाला लावून चालू केली. दोन मिनिटं किर्र किर्र आवाज, मग शांतता. मामांना मी एवढंच सांगितलं, "मामा, डिस्कला वीज द्यायची नाही आणि वाळवायचीही नाही." ते वैतागले. "वाळवायची नाही? अरे ओली आहे ती!"

पण कारण साधं आहे. नेहमीच्या हार्ड डिस्कला हवेसाठी एक बारीक भोक असतं. पाणी तिथून आत गेलं आणि मग आतच वाळलं, तर गाळाचे कण तबकडीवर चिकटून बसतात. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० वेळा फिरते आणि वाचणारं हेड तिच्यापासून केसाच्या जाडीच्या हजाराव्या भागाएवढ्या, त्याहूनही कमी अंतरावर तरंगतं. त्या हेडच्या वाटेत वाळलेला एक कण म्हणजे घाटात रस्त्यावर दरड! म्हणून डिस्क ओलसरच ठेवायची, हवाबंद पिशवीत घालायची आणि डेटा रिकव्हरीच्या लॅबमध्ये पोचवायची. महामार्ग सुरू झाल्यावर मामांच्या डिस्क पुण्याला गेल्या. महिन्याभरानं त्यांतल्या दोन परत बोलत्या झाल्या. तिसरीतलं काही मिळालं नाही.

खर्च? नव्या कॉम्प्युटरएवढा. मामांनी तो निमूट भरला. दिवाळीनंतर त्यांच्याकडे एक म्हातारे गृहस्थ आले, नातवाच्या लग्नाला मुलाच्या पत्रिकेसारखीच पत्रिका हवी म्हणून. घरातली जुनी प्रत पुरात गेली होती. मामांनी फाइल उघडून दाखवली, तेव्हा ते गृहस्थ स्क्रीनला हात लावून बघत राहिले. त्या दिवशी मला कळलं, आम्ही नक्की काय धूत बसलो होतो.

कोलंबिया ते थायलंड

"पण एवढं झाल्यावर काही वाचतं का खरंच?" असं वाटत असेल, तर जगातली दोन उदाहरणं ऐका.

२००३ साली कोलंबिया अंतराळयान परतीच्या वाटेवर फुटलं. आपल्या कल्पना चावला त्यात होत्या. अवशेषांत एक वितळल्यासारखी दिसणारी हार्ड डिस्क सापडली. आकाशातून कोसळलेली, भाजलेली, बरेच महिने उघड्यावर पडलेली. रिकव्हरी करणाऱ्यांनी तबकड्या साफ करून दुसऱ्या ड्राइव्हमध्ये बसवल्या आणि तिच्यातला सुमारे ९९ टक्के डेटा बाहेर काढला. त्यातल्या प्रयोगाचे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्धही झाले.

दुसरं, २०११ चा थायलंडचा महापूर. वेस्टर्न डिजिटलचा बांग पा-इनमधला कारखाना ऑक्टोबरमध्ये पाण्यात गेला. जगभर हार्ड डिस्क महागल्या, आपल्याकडेही दुकानदार भाव सांगताना आवंढा गिळायचे. कंपनीनं पाणी ओसरायची वाट न बघता पाणबुडे उतरवून यंत्रं बाहेर काढली, ती साफ केली, आणि नोव्हेंबरअखेर काही भागात उत्पादन पुन्हा सुरू केलं. ज्या कंपनीच्या डिस्क आपण पुरातून वाचवत होतो, त्या कंपनीलाही कधीतरी हेच करावं लागलं होतं!

एसएसडीचं मात्र जरा सोपं. आत फिरणारं काही नाही, नुसता बोर्ड. वीज नसताना भिजली आणि नीट धुतली, तर वाचायची शक्यता चांगली.

चहावाल्यांसाठी खास

वॉटर कूलिंग आपल्यातल्या फार थोड्यांकडे असतं, लॅपटॉपशेजारी चहा मात्र सगळ्यांकडे. गुळाचा चहा पिताना छान, कीबोर्डमध्ये मात्र डिंक! चहा सांडला तर फाइल सेव्ह करत बसू नका. चार्जर काढा, पॉवरचं बटण पूर्ण बंद होईपर्यंत दाबून धरा, लॅपटॉप उघडा ठेवून तंबूसारखा पालथा घाला. म्हणजे पाणी बोर्डाकडे न जाता बाहेर येईल. बॅटरी निघत असेल तर काढा, नाहीतर थेट दुरुस्तीवाल्या दादांकडे. आणि तिथे खरं सांगा. "आपोआप बंद पडला" म्हणू नका. आत एक पांढरा स्टिकर असतो, पाणी लागलं की लाल होतो. तो काही आपल्या बाजूनं साक्ष देत नाही! शिवाय चहा की पाणी हे कळलं तर दादांचं काम सोपं होतं.

ऑफिसच्या मशिनांचा इलेक्ट्रॉनिक इक्विपमेंटचा विमा उतरवता येतो, हेही अ‍ॅडमिनच्या कानावर घाला. विमा असेल तर सर्व्हेअर बघेपर्यंत भिजलेला एकही पार्ट फेकायचा नाही. आणि फेकायची वेळ आलीच तर घंटागाडीत नको, अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या.

तेव्हा सोमवारी ऑफिसात गेलात की मेल उघडायच्या आधी एकदा टेबलाखाली वाका. कॅबिनेट फरशीवर असेल तर वीट-दोन वीट उचलून ठेवा. पिन कुठे आहे, ती एका झटक्यात हाताला लागते का, हे बघा. घाईच्या वेळी खुर्चीमागे, खोक्यांमागे हात घालून शोधणं परवडत नाही. आणि जी फाइल गेली तर तुम्हाला झोप लागणार नाही, तिची एक कॉपी आजच दुसरीकडे टाका. शक्यतो वरच्या मजल्यावर राहणाऱ्या मित्राकडे, नाहीतर गावाबाहेर कुठेतरी, ढगात म्हणा. जुलैतल्या ढगांवर आपला विश्वास नाही, पण या ढगावर ठेवायला हरकत नाही!